गांधीजींच्या खोलीतले तीन बल्ब

(बिबवेवाडी, पुणे इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

सुरुवात बोलण्यानं नको, आवाजानं करू. जरा शांत बसा. माझ्या हातात हा जुना फ्लॅश आहे, चार पेन्सिल सेलवर चालणारा. बटण सरकवतो. येतंय ऐकू? मागच्या रांगेत? डास कानाशी यावा तशी बारीक शिट्टी आहे. चढत चढत ती इतकी बारीक होते की आमच्या वयाच्या माणसांना शेवटी ऐकूच येत नाही. हा बघा, मागचा नारिंगी दिवा लागला. म्हणजे तयार. ज्यांना डोळे मिटायचेत त्यांनी मिटा. (फ्लॅश उडवतात.)

इथे ज्यांची लग्नं ऐंशी-नव्वदच्या दशकात झाली, त्यांना ही शिट्टी ओळखीची असणार. सातारा रस्त्याच्या कुठल्याही मंगल कार्यालयात सनईच्या रेकॉर्डखाली ती चालूच असायची. ती शिट्टी आणि हा लखलखाट यांच्या मधल्या आठ-दहा सेकंदांत काय घडतं, ते आज सांगायचं आहे. पण थेट यंत्रात शिरलो तर निम्मी मंडळी घड्याळाकडे बघायला लागतील. म्हणून आपल्याच गावातल्या एका खोलीपासून सुरुवात करतो.

साल १९४६. 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट पुण्यात आल्या होत्या. बाई साध्यासुध्या नव्हेत. १९३६ मध्ये 'लाइफ' छायाचित्रांचं साप्ताहिक म्हणून सुरू झालं, तेव्हा पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्यांचाच फोटो होता. भारतातल्या नेत्यांवर लेखमाला करायची होती आणि गांधीजी तेव्हा पुण्यात मुक्कामाला होते. निसर्गोपचाराचा त्यांना ध्यास लागलेला होता. डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र इथलंच, आणि उरुळी कांचनचा आश्रमही त्याच वर्षी उभा राहिला.

बाई कॅमेरे घेऊन पोचल्या तर त्यांना पहिला प्रश्न विचारला गेला तो सूत कातता येतं का, हा. नाही येत? मग आधी शिका, चरखा समजून घ्या, मग चरखेवाल्याचा फोटो काढा. बाईंनी म्हणून पाहिलं, की फोटोग्राफी आणि सूतकताई, दोन्ही हातांचेच धंदे की. त्यावर त्यांना गंभीरपणे सांगण्यात आलं, की खरंय, पण दोन्हींत थोर सूतकताई. शेवटी बाई चरख्यावर बसल्या.

मग दुसरी अट आली. तो सोमवार होता, गांधीजींचा मौनाचा दिवस, त्यामुळे बोलायचं नाही. खोलीत उजेड कमी, आणि गांधीजींना डोळ्यांवर येणारा प्रखर उजेड आवडत नसे. त्यामुळे फ्लॅश नको असंच म्हणणं होतं. बरीच घासाघीस झाल्यावर परवानगी मिळाली ती तीन बल्बांची. छोटे बल्ब, अमेरिकेत त्यांना 'पीनट' म्हणत, म्हणजे शेंगदाणे. तीन शेंगदाणे!

बाईंनीच पुढे लिहिलेल्या आठवणींप्रमाणे पहिल्या बल्बच्या वेळी पुण्याच्या हवेत त्यांच्या यंत्रणेनं दगा दिला. बल्ब उडाला, चित्र आलं नाही. दुसऱ्या वेळी यंत्रणा ठीक चालली, पण घाईत फिल्मसमोरची काळी पट्टी, डार्क स्लाइड, काढायचीच राहून गेली. उजेड पडला तो पट्टीवर. तिसऱ्या बल्बवर मात्र सगळं जमलं. चरखा पुढे मोठा दिसतो, त्यामागे मांडी घालून खाली बघत वाचणारे गांधीजी, आणि त्यांच्या मागच्या बाजूनं खिडकीतून येणारा उजेड. तुमच्यातल्या प्रत्येकानं ते चित्र कधी ना कधी पाहिलेलं आहे. गंमत म्हणजे 'लाइफ'नं मुख्य लेखात ते वापरलंच नाही. जूनमध्ये निसर्गोपचारावरच्या मजकुराबरोबर लहानसं छापलं. मोठं छापलं गेलं ते फेब्रुवारी १९४८ मध्ये, गांधीजी गेल्यावर.

आता माझा प्रश्न असा आहे, की तीनच बल्ब का? आणि तीनातले दोन वाया जावेत इतकं ते काम नाजूक का होतं? पहिला प्रश्न माणसाचा, दुसरा यंत्राचा. यंत्राचा आधी घेऊ.

मंद उजेडाच्या खोलीत त्या काळच्या फिल्मवर चित्र उमटायला पाऊण-एक सेकंद शटर उघडं ठेवावं लागे. हल्लीचा मोबाइल त्याच खोलीत चटकन फोटो काढतो, कारण त्याचा सेन्सर त्या फिल्मपेक्षा कितीतरी संवेदनशील आहे. पाऊण सेकंदात सूत कातणारा हात कुठून कुठे जातो, विचार करा. हात हलला की चित्र पुसट. शिवाय खिडकी मागे, म्हणजे चेहरा अंधारात. म्हणून पुढून थोडा उजेड हवा, आणि तो अगदी थोडाच वेळ टिकणारा हवा.

हे दुखणं फोटोग्राफीइतकंच जुनं आहे. १८६० च्या दशकात मॅग्नेशियमची फीत जाळून उजेड करायला सुरुवात झाली. १८८७ मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमची पूड, पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड यांचं मिश्रण काढलं. पेटवलं की भक्कन जळायचं. आपल्या दिवाळीच्या दारूकामाची ही चुलत भावंडंच. उजेड भरपूर, पण धूर, राख, आणि फोटोग्राफरच्या भुवया जायच्या त्या वेगळ्याच.

ही बातमी न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस नावाच्या पत्रकारानं वाचली. हा गरीब वस्त्यांवर लिहायचा. एकेका अंधाऱ्या खोलीत पंधरा-पंधरा माणसं झोपतात असं लिहून कुणाला पटत नव्हतं. ही पूड घेऊन तो रात्री-अपरात्री त्या खोल्यांत शिरला, अंधारात भडका उडवला, फोटो घेतला आणि बाहेर. झोपेतून दचकून उठलेली माणसं, डोळे विस्फारलेले. एकदा तर त्यानं एका खोलीला आगही लावली, चुकून. पण १८९० मध्ये त्याचं पुस्तक आलं, आणि त्या चित्रांनी शहराला लाज वाटली. घरांचे कायदे बदलण्याच्या चळवळीत त्या चित्रांचा वाटा मोठा आहे. म्हणजे न विचारता टाकलेल्या उजेडानं भलं झालं, हेही खरं. माझं मन इथे थोडं अडखळतं, ते तसंच ठेवतो. रात्री कुणी न विचारता घरात शिरणं कसं असतं, हे १८९७ च्या प्लेगच्या घरझडत्यांमुळे पुण्याला वेगळं सांगायला नको.

पुडीनंतर आला बल्ब. १९२९-३० च्या सुमारास जर्मनीत आणि मग इंग्लंड-अमेरिकेत. काचेच्या बंद फुग्यात ऑक्सिजन आणि ॲल्युमिनियमचा अगदी पातळ पत्रा किंवा तारांचा गुंता. मध्ये बारीक तार, तिच्यावर पेट घेणारं रसायन. बॅटरीचा प्रवाह दिला की तार तापते, रसायन पेटतं, ते ॲल्युमिनियम पेटवतं. धूर आत, राख आत. हॉलमध्ये भडका नाही. ही फार मोठी सुधारणा होती. पण एक बल्ब म्हणजे एकच फोटो. उडाला की काच भाजलेली, फोडं आलेली, इतकी गरम की उघड्या हातानं काढता येत नाही. आपल्या देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या, त्यांच्या स्पीड ग्राफिक कॅमेऱ्याला हीच बल्बची थाळी लावलेली असे. दिल्लीत गांधीजींच्या प्रार्थनासभेत त्यांनी फ्लॅश उडवला, तेव्हा ही मुलगी मला आंधळा करून सोडणार अशा अर्थाचं काहीतरी गांधीजी पुटपुटले, अशी आठवण व्यारावालाबाईंनी उतारवयात सांगितली आहे.

बल्बची खरी अडचण मात्र वेगळीच होती. तो पेटायला वेळ लागतो. तुम्ही बटण दाबल्यापासून उजेड शिगेला पोचेपर्यंत सामान्य बल्बला सुमारे वीस सहस्रांश सेकंद लागत. शेगडी पेटवली की लगेच धग येत नाही तसंच. त्यामुळे शटरनं आधी उघडून चालत नाही आणि नंतर उघडूनही नाही. आधी बल्बला काडी लावायची, जरा थांबायचं, मग शटर. हे थांबणं माणसाच्या हातानं शक्य नाही. त्यासाठी कॅमेऱ्याला विद्युतचुंबकावर चालणारा एक खटका लावत, आणि तो जुळवून घ्यावा लागे. दमट हवेनं, धुळीनं, गरमीनं तो खटका किंचित जरी सुस्तावला, की उजेड येऊन गेल्यावर शटर उघडतं. बाईंचा पहिला बल्ब असाच काहीतरी गेला असावा. खोली उजळली, गांधीजींनी तो झगझगाट सोसला, आणि फिल्म मात्र कोरी.

या दुखण्यावरचा इलाज तेव्हा अमेरिकेत तयारच होता, फक्त प्रवासात खांद्यावर टाकून न्यावा इतका हलका झालेला नव्हता. हॅरॉल्ड एजर्टन हे एमआयटीतले विद्युत अभियंते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ते मोठ्या मोटारींचा अभ्यास करत होते. फिरणारा रोटर डोळ्यांना नुसता धूसर दिसतो. त्यांच्या लक्षात आलं, की शेजारच्या उपकरणातला पाऱ्याच्या वाफेचा दिवा ज्या गतीनं लुकलुकतो ती मोटारीच्या गतीशी जुळली, की रोटर थांबल्यासारखा दिसतो. १९३१ पर्यंत त्यांनी हा लुकलुकणारा उजेड हुकमी करून दाखवला. दुधाचा थेंब पडून उडालेला मुकुट, सफरचंदातून आरपार जाणारी गोळी, ही चित्रं त्यांची.

कल्पना तशी आणखी जुनी. १८५१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फॉक्स टाल्बट यांनी 'टाइम्स'चं एक पान चाकावर चिकटवलं, चाक गरगर फिरवलं, अंधार केला आणि लेडन जार नावाच्या बरण्यांत साठवलेली वीज एका ठिणगीत सोडली. फोटोत पान स्थिर. म्हणजे वीज साठवा आणि एकदम सोडा, हे सूत्र सापडलं होतं. कारखान्यात बनवून बाजारात विकता येईल असं व्हायला पुढे जवळजवळ नव्वद वर्षं गेली.

आता माझ्या हातातल्या डबीकडे या. हिचं काम समजून घ्यायला आपल्या सोसायट्यांइतकं चांगलं उदाहरण नाही. महापालिकेचं पाणी तुमच्याकडे येतं करंगळीएवढ्या धारेनं. त्या धारेखाली उभं राहून अंघोळ होत नाही. म्हणून खाली हौद, मग पंप, मग गच्चीवरची टाकी. पंप दोन गोष्टी करतो, पाणी साठवतो आणि उंचावर चढवतो. उंची नसेल तर टाकी कितीही मोठी असो, शॉवरला जोर येणार नाही.

इथे चार सेल म्हणजे ती करंगळीएवढी धार, सहा व्होल्ट. पंप म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक छोटा ट्रान्सफॉर्मर. सेलमधला प्रवाह सरळ वाहतो, ट्रान्सफॉर्मरला सरळ प्रवाह चालत नाही. म्हणून ट्रान्झिस्टर तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. ती शिट्टी म्हणजे या पंपाचा आवाज. ट्रान्सफॉर्मर सहा व्होल्टचे तीनशेच्या वर व्होल्ट करतो. डायोड ही झडप, वर गेलेलं पाणी परत खाली येऊ देत नाही. आणि गच्चीवरची टाकी म्हणजे कपॅसिटर, ही अंगठ्याएवढी काळी नळकांडी.

थोडं गणित करू. हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तीनशे तीस व्होल्टपर्यंत भरला, तर त्यात सुमारे चौपन्न जूल ऊर्जा साठते. चौपन्न जूल म्हणजे किती? घरातला नऊ वॅटचा एलईडी बल्ब त्यावर सहा सेकंद चालेल. बस्स. पण हीच ऊर्जा सेकंदाच्या हजाराव्या भागात सोडली, तर तेवढ्यापुरता जोर होतो चौपन्न किलोवॅट! एका फ्लॅटचा मंजूर भार चार-पाच किलोवॅट धरला, तर एका अख्ख्या इमारतीचा भार या डबीतून त्या क्षणात जातो. सेल बिचारे आठ-दहा सेकंद सावकाश भरत राहतात, आणि टाकी एका झटक्यात रिकामी.

रिकामी होते ती कशातून? पुढच्या काचेमागे ही बोटाच्या पेराएवढी नळी आहे, आत झेनॉन वायू. १८९८ मध्ये रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स यांना हवेत हा वायू सापडला. हवेच्या कोटीभर भागांत जेमतेम एक भाग असतो. नावाचाच अर्थ परका, पाहुणा. नळीच्या दोन टोकांना कपॅसिटरचे तीनशे व्होल्ट कायम लावलेलेच आहेत, तरी काही होत नाही, कारण झेनॉनमधून वीज जात नाही. बांध आहे. शटर पूर्ण उघडलं की कॅमेऱ्यातला एक संपर्क जुळतो, आणि दुसरी छोटी कॉइल नळीच्या बाहेरच्या काचेला काही हजार व्होल्टचा एक हलकासा टोला देते. त्या टोल्यानं आतल्या वायूचे अणू विद्युतभारित होतात, बांध फुटतो, आणि सगळी टाकी नळीतून कोसळते. वायू तापून लखलखतो. त्याचा रंग दुपारच्या उन्हाच्या बराच जवळ जातो, म्हणूनच झेनॉन निवडला.

यात जळत काहीच नाही, हे लक्षात घ्या. पूड जळायची, बल्बमधला पत्रा जळायचा. इथे नळी पुन्हा तशीच्या तशी तयार. हजारो वेळा. आणि पेटायला थांबावं लागत नाही. ठिणगी पडली की उजेड, त्यामुळे तो वीस सहस्रांश सेकंदांचा खेळ संपला. जुन्या कॅमेऱ्यांवर एक खटका असायचा, एकीकडे 'एम' आणि दुसरीकडे 'एक्स'. एम बल्बसाठी, एक्स इलेक्ट्रॉनिकसाठी. चुकून एमवर राहिला तर फ्लॅश आधीच उडून जायचा आणि फोटो काळा. वडिलांच्या कपाटात असा एखादा रोल सापडला असेल तर त्यांना दोष देऊ नका.

अर्धा काळा फोटो मात्र वेगळ्या कारणानं येतो. ज्या कॅमेऱ्यात शटर म्हणजे फिल्मसमोरून सरकणारे दोन पडदे असतात, तिथे जास्त वेग लावला की पहिला पडदा पूर्ण उघडायच्या आधीच दुसरा निघतो. फिल्मवरून नुसती एक फट सरकत जाते. फ्लॅश हजाराव्या भागात येऊन जातो, त्या वेळी फट जिथे असेल तेवढाच भाग उजळतो. म्हणून फ्लॅश लावला की साठाव्या किंवा एकशेपंचविसाव्या भागाच्या वर जायचं नाही, हे जुने फोटोग्राफर पाढ्यासारखं सांगायचे. शटर बाकी उजेड किती घ्यायचा ते ठरवतं. फ्लॅशचा उजेड किती घ्यायचा ते भिंगाचं तोंड आणि माणसाचं अंतर ठरवतं.

अंतराचा नियम क्रूर आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नाही, पाव होतो. लग्नातला सामुदायिक फोटो आठवा. पुढच्या खुर्च्यांवरचे आजी-आजोबा पिठासारखे पांढरे, मागे उभे असलेले मामेभाऊ अंधारात. कुणी गोरं-काळं नव्हतं, फोटोग्राफर जवळ उभा होता. फ्लॅशच्या पाठीवर म्हणून तक्ता छापलेला असे. मार्गदर्शक अंक बत्तीस असेल आणि नवरदेव चार मीटरवर असेल, तर बत्तीस भागिले चार, भिंग आठवर. सत्तरच्या दशकात हे भागाकारही गेले. फ्लॅशच्या पुढे एक डोळा बसवला, तो माणसावरून परतलेला उजेड मोजतो आणि पुरेसा झाला की प्रवाह तोडतो. जवळच्या वस्तूला तर हा उजेड सेकंदाच्या वीस-तीस हजाराव्या भागात आटोपतो.

आता इतिहासाकडे परत. बल्ब संपला आणि शिट्टी आली, तेव्हा एका उजेडाची किंमत जवळजवळ शून्यावर आली. हा बदल माझ्या मते लोक समजतात त्यापेक्षा मोठा आहे. बल्ब मोजून न्यावे लागत. फोटोग्राफर थांबायचा, बघायचा, मग एक उडवायचा. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशबरोबर लग्नात फोटोग्राफर हुकूम द्यायला लागला. अंतरपाट दूर झाला, हार घातले, आणि आवाज येतो, "थांबा थांबा, फ्लॅश चार्ज झाला नाही, हार परत घाला!" गुरुजी अक्षता हातात घेऊन शिट्टी संपायची वाट बघतायत. (हशा) हसू नका, तुमच्या अल्बममधला हार दुसऱ्यांदा घातलेला असेल. मुहूर्त पंचांगात असतो, पण ते आठ-दहा सेकंद कपॅसिटरचे असतात.

आणि आता तो पहिला प्रश्न, तीनच बल्ब का?

गांधीजींच्या बाबतीत ही एकदाची लहर नव्हती. सेवाग्रामला त्यांचे पुतण्याचे चिरंजीव कनू गांधी राहत. विनोबांचे भाऊ शिवाजीराव भावे यांनी त्यांना फोटोग्राफीची गोडी लावली. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. गांधीजींनी परवानगी दिली ती तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. मला पोझ द्यायला सांगायचं नाही. आश्रम खर्च देणार नाही. १९३८ ते १९४८ अशी दहा वर्षं कनूभाईंनी या अटींत राहून हजारोंच्या घरात जाणारं काम केलं. त्यांची चित्रं पाहिलीत तर कित्येक हललेली, दाणेदार, उजेडाकडे पाठ असलेली दिसतील. तांत्रिक परीक्षेत नापास होतील. पण त्यांत गांधीजी कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, कारण कॅमेऱ्यानं त्यांना दचकवलेलं नाही.

१९४४ मध्ये कस्तुरबा इथेच, आगाखान पॅलेसमध्ये, अखेरच्या आजारात होत्या. शुश्रूषेसाठी कनूभाईंना आत येऊ दिलं होतं. कॅमेरा होता. २२ फेब्रुवारीला बा गेल्या. त्या शेवटच्या घटकेचा फोटो काढायला गांधीजींनी त्यांना मनाई केली. तिथे तर फ्लॅशचा प्रश्नच नव्हता. म्हणजे नुसत्या डोळ्यांच्या त्रासाचं हे प्रकरण नाही. आपल्यावर उजेड कधी पडावा, आपल्याकडे कुणी कधी बघावं, हे ठरवण्याचा हक्क माणूस आपल्याकडे ठेवतोय. तीन बल्ब म्हणजे त्या हक्कातून काढून दिलेला वाटा होता.

याची दुसरी बाजू चार वर्षांनी दिल्लीत दिसली. ३० जानेवारी १९४८ ला बर्क-व्हाइट गांधीजींची मुलाखत घेऊन निघाल्या आणि काही तासांत हत्या झाली. त्या बिर्ला हाउसला परतल्या, कॅमेरा लपवून आत गेल्या, आणि देह ठेवलेल्या खोलीत त्यांनी फ्लॅश उडवला. तिथली माणसं संतापली. कॅमेरा काढून घेतला, फिल्म बाहेर ओढून उजेडात धरली. बाई तीच, उजेडही तोच. त्या दिवशी आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे फ्रेंच छायाचित्रकारही दिल्लीत होते. ते फ्लॅश वापरतच नसत, आहे त्या उजेडाचा मान ठेवावा असं त्यांचं मत. त्यांची चित्रं उरली. मी बाईंना खलनायिका करत नाही. पुण्यात चरखा शिकून बसलेल्या त्याच बाई होत्या. फरक विचारण्याचा होता.

मोबाइलबद्दल एक मिनिट, कारण प्रश्न येणारच. तुमच्या मोबाइलमधला 'फ्लॅश' बहुतेक वेळा फ्लॅश नाही, तो एलईडीचा टॉर्च आहे. टाकी नाही, नळी नाही, शिट्टी नाही. थोडा वेळ जळतो एवढंच, त्यामुळे नाचणारं पोर त्यानं गोठत नाही. काही मोबाइलमध्ये खरी झेनॉन नळी आली होती, पण जाडी वाढते म्हणून टिकली नाही.

अजिंठ्याला फ्लॅशला बंदी आहे, ती रास्त का, असं मघाशी चहाच्या वेळी एकांनी विचारलं. विज्ञान सांगतं की रंगांवर उजेडाचा परिणाम साठत जातो. लंडनच्या नॅशनल गॅलरीत नव्वदच्या दशकात या प्रश्नाचा अभ्यास झाला आणि एकेका फ्लॅशचा वाटा दालनातल्या रोजच्या दिव्यांच्या मानानं फार किरकोळ निघाला. पण लेण्यात तुम्ही एकटे नसता. शेजारी कुणी अंधाराला डोळे सरावण्याची वाट बघत उभं असतं, आणि एका लखलखाटात त्याची पाच मिनिटं फुकट जातात. बिनॉय बहल यांनी १९९१ पासून तिथल्या चित्रांचे फोटो घेतले ते लेण्यातल्या मंद उजेडातच, शटर बराच वेळ उघडं ठेवून. त्यात बोधिसत्त्वांचे रंग दिसतात ते बघण्यासारखे आहेत. चित्र हलत नाही, ही तिथली सोय!

शेवटचा प्रश्न या ताईंचा आहे: घरी सासऱ्यांचा जुना फ्लॅश आहे, वापरता येईल का? येईल. आधी सेलच्या कप्प्यात हिरवी-पांढरी बुरशी आली असेल तर पुसून काढा. नवे सेल घाला आणि लगेच उडवू नका. वर्षानुवर्षं रिकामा पडलेला कपॅसिटर गळका होतो. त्याला भरू द्या, पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवा, मग उडवा. असं पाच-सहा वेळा केलं की बहुतेक वेळा तो सुधारतो. पुढे महिन्यातून एकदा शिट्टी ऐकत जा. पण नाही चालला तर स्क्रू काढून आत बोट घालू नका. सेल काढले तरी टाकी भरलेली राहू शकते, आणि तीनशे व्होल्ट हातातून गेले तर काय होतं, ते मी एकदा अनुभवलंय. हा अंगठा अजून ओळखतो ती नळकांडी.